डिलीट केलेलं जातं कुठे?

गेल्या दिवाळीत आमच्या मावशीने जावेबद्दलचा एक तिखट मेसेज बहिणीला पाठवायचा, तो चुकून सासरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये एकोणचाळीस माणसं, त्यात त्या जाऊबाईही. मावशीने घाईघाईत मेसेजवर बोट दाबून धरलं आणि जो पर्याय आधी नजरेला पडला तो दाबला. मेसेज तिच्या फोनवरून गेला. तिने हुश्श म्हणेपर्यंत धाकट्या दिराचा फोन आला, "वहिनी, ग्रुपवर काय टाकलंत हे?" दोन पर्यायांतला 'डिलीट फॉर एव्हरीवन' सोडून तिने 'डिलीट फॉर मी' दाबलं होतं. म्हणजे मेसेज फक्त तिच्यापुरता गेला होता आणि बाकीचे अडतीस जण तो निवांत वाचत होते. पुढचे दोन दिवस सारवासारव करण्यात गेले. ते सगळं निवल्यावर तिने मला विचारलं, "पण डिलीट म्हणजे गेलं ना? मग त्यांना दिसलं कसं?"

मावशीला वाटतं तितका हा प्रश्न भाबडा नाही. डिलीट हे इंग्रजी क्रियापद मुळापासून तपासलं तर त्यात 'गेलं' हा अर्थ जितका ठाम वाटतो तितका तो नाही, हे लक्षात येतं.

शब्द लॅटिनमधला. 'डेलेरे' म्हणजे पुसून टाकणं, नामशेष करणं. त्याचा संबंध 'लिनेरे' या धातूशी असावा, असं व्युत्पत्ती सांगणारे म्हणतात. लिनेरे म्हणजे लेप देणं, माखणं. आपण जमीन सारवतो ना, तसलं सारवणं. रोमन माणूस रोजचे हिशेब, निरोप, शाळेतला अभ्यास मेणाच्या पाटीवर लिहायचा. लाकडी चौकटीत मेणाचा पातळ थर आणि लिहायला टोकदार लेखणी. त्या लेखणीचं दुसरं टोक चपटं असे. चुकलं की लेखणी उलटी धरायची आणि त्या जागेवरचं मेण चपट्या टोकाने सारखं करायचं. 'लेखणी उलटवणे' याचा लॅटिनमध्ये अर्थच मुळी 'दुरुस्ती करणे' असा होता. यात मेण कुठेही जात नाही, पाटीवरच राहतं. नुसतं सारवलं जातं. मावशीची सारवासारव आणि डिलीट हे दोन शब्द असे एकाच कुळीचे निघतात.

डेलेरेचा सर्वांत गाजलेला वापर मात्र पाटीवरचा नाही, एका शहराबद्दलचा आहे. रोमन सिनेटर थोरला कॅटो याला कार्थेजची इतकी धास्ती होती, की विषय कुठलाही असो, भाषणाच्या शेवटी तो कार्थेज नष्ट केलंच पाहिजे असं बजावायचा, अशी कथा आहे. ते वाक्य आज ज्या लॅटिन रूपात सांगितलं जातं, त्यातला 'डेलेंडा' हा शब्द याच डेलेरेचं रूप. कॅटो इ.स.पू. १४९ मध्ये वारला आणि तीनच वर्षांनी, १४६ मध्ये, रोमन सैन्याने कार्थेज जाळून उद्ध्वस्त केलं. पुढे त्याच जागी रोमनांनीच नवं शहर वसवलं. आज ट्युनिशियात गेलं तर दोन्ही शहरांचे अवशेष बघायला मिळतात.

इंग्रजीत हे क्रियापद पंधराव्या शतकाच्या अखेरीस आलं तेही 'नष्ट करणे' याच अर्थाने. हळूहळू ते आकसलं आणि लिहिलेल्या मजकुरापुरतं उरलं. आजही इंग्रजी बोलणारा खोलीतली खुर्ची किंवा शर्टावरचा डाग डिलीट करत नाही, त्यासाठी 'रिमूव्ह' आहे. डिलीट व्हायला ती गोष्ट कुठेतरी नोंदलेली असावी लागते. अक्षर, ओळ, यादीतलं नाव, फाइल, फोटो. जीवशास्त्रात गुणसूत्राचा एखादा तुकडा गळाला तर त्याला 'डिलीशन' म्हणतात, कारण जनुकांकडेही आपण मजकूर म्हणूनच पाहतो.

त्याचे भाईबंदही पाहण्यासारखे आहेत. 'इरेज'चा मूळ अर्थ खरवडून काढणं. चर्मपत्रावर लिहीत तेव्हा चाकूने शाई खरवडत, तिथला हा शब्द. दाढीच्या रेझरचं मूळही तेच. 'ओमिट' म्हणजे गाळणं, मुळात लिहायचंच नाही. 'एक्स्पंज'च्या पोटात टोचणं आहे, कारण यादीतलं नाव रद्द करायचं तर त्याला टिंबांनी खूण करत. आणि 'कॅन्सल' म्हणजे जाळी. नको असलेल्या मजकुरावर आडव्या-तिरप्या रेघा मारल्या की खिडकीच्या जाळीसारखं दिसतं, म्हणून ते नाव.

यातला कॅन्सल आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. नव्या नोकरीत पगाराचं खातं जोडायचं तर कार्यालय 'कॅन्सल्ड चेक' मागतं. आपण चेकवर दोन तिरप्या रेघा ओढतो, मध्ये 'कॅन्सल्ड' लिहितो आणि देतो. रद्द केलेला कागद त्यांना कशाला हवा असतो? खाली छापलेला खाते क्रमांक आणि बँकेचा कोड वाचता यावा म्हणून. रेघांनी चेकची ताकद गेली, माहिती जागेवरच राहिली. एक्स्पंजचंही तेच. सभागृहात सदस्य भलतंसलतं बोलला की अध्यक्ष ते कामकाजातून काढून टाकायला सांगतात. लोकसभेच्या छापील इतिवृत्तात त्या जागी ताऱ्यांच्या खुणा येतात आणि खाली टीप असते, की अध्यक्षांच्या आदेशानुसार हा भाग वगळला. काय बोलला ते कळत नाही, पण काहीतरी बोलला याची नोंद कायमची होते.

छापखान्यात डिलीटला स्वतःची खूणच मिळाली. मुद्रितशोधक नको असलेल्या अक्षरावर रेघ मारतो आणि समासात गाठ मारलेल्या दोऱ्यासारखं एक वळणदार चिन्ह काढतो. त्याचं नाव 'डेले', म्हणजे डेलेरेचं आज्ञार्थी रूप, 'काढ'. याच्या उलट 'स्टेट', म्हणजे 'राहू दे'. आधी खोडलं, मग वाटलं की बरोबरच होतं, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात स्टेट लिहायचं. हे शक्य होतं, कारण रेघेखालचा शब्द वाचता येत असतो. जुने मुद्रितशोधक नवशिक्याला बजावत, की शब्द असा खोड की खालचा दिसला पाहिजे. गिरगटून काळा केला, तर जुळारीही चुकतो आणि लेखकही भांडायला येतो.

आता आपल्याकडे वळू. 'सरकारने स्वतःच्याच नियमांना हरताळ फासला' असं आपण वर्तमानपत्रात वाचतो. हा हरताळ संपातला नव्हे. संपातला हरताळ म्हणजे हाटाला, बाजाराला ठोकलेलं टाळं. फासायचा हरताळ म्हणजे आर्सेनिकचं एक पिवळं खनिज. पोथ्या लिहिणारे लेखनिक अक्षर चुकलं की हरताळाचा लेप त्या अक्षरावर देत. कागद पिवळसर आणि लेपही पिवळा, त्यामुळे चूक झाकली जाई आणि वाळल्यावर त्यावर नवं अक्षर लिहिता येई. पोथ्यांच्या संग्रहात असं एखादं पान उजेडाकडे धरलं तर ओळीत मध्येच दाट पिवळा चौकोन दिसतो. पुढे टंकलेखकांनी पांढऱ्या द्रवाची बाटली वापरली, तो हाच हरताळ, फक्त रंग बदललेला. रोमन पाटीवर मेण फासलं, आपल्या पोथीवर हरताळ फासला, आणि दोन्हीकडे क्रियापद लेप देण्याचंच.

'फासला' मधला अपमान नंतरचा. लेखनिकाच्या हातात हरताळ हे काळजीचं साधन होतं. मराठीत पुसण्याचे वाक्प्रचार आणखीही आहेत. पाटीवर ओला बोळा फिरवणं, केल्या कामावर पाणी फिरवणं, नावावर काट मारणं. प्रत्येकात हात काहीतरी फिरवतो किंवा ओढतो.

एवढी शब्दसंपत्ती असताना मराठी माणसाने डिलीट का उचलला? आळस हे एक उत्तर आहे, पण पुरं नाही. आपलं हुकमी क्रियापद 'काढणे', आणि ते दोन्ही बाजूंनी बोलतं. डाग काढला म्हणजे घालवला. रांगोळी काढली म्हणजे घातली. यादीतून नाव काढलं तर वाईट, घराण्याचं नाव काढलं तर पेढे. 'तो फोटो काढ' असं म्हटलं तर समोरचा मोबाइल समोर धरून "हसा" म्हणेल. 'पुसणे' तर फडक्याचंही आहे आणि चौकशीचंही, विचारपूस त्यातूनच आली. 'खोडणे'ला पेन लागतं, म्हणून सरकारी अर्जावर 'लागू नसेल ते खोडावे' शोभतं आणि मोबाइलवर अडतं. 'वगळणे' यादीला आणि अभ्यासक्रमाला बरोबर बसतं. 'हटवणे' अ‍ॅपच्या मराठी पडद्यांवर दिसतं, पण घरात कोणी "फोटो हटव" म्हणत नाही. बोलीने 'उडवणे' हा झकास पर्याय काढला आहे, "सगळे फोटो उडवले". तरीही फोनपुरता नेमका, एकाच अर्थाचा शब्द हवा होता, ती जागा डिलीटने घेतली.

घेतल्यावर आपण त्याला आपलं व्याकरण लावलं. इंग्रजीत ते स्वतःच क्रियापद आहे, मराठीत त्याला 'कर', 'मार', 'हो' यांचा हात धरावा लागतो. 'डिलीट कर' ही साधी सूचना. 'डिलीट मार' यात बेफिकिरी. आणि 'डिलीट झालं' हा तर आपला खास शोध. त्यात कर्ताच गायब. बायकोने जपलेले चारशे फोटो गेले, की नवरा "मी डिलीट केले" असं कधी म्हणत नाही, "डिलीट झाले" म्हणतो. फार खोदलं तर "माझ्याकडून झाले". फोटोंबरोबर गुन्हेगारही पुसला जातो. लिहिताना मात्र डी.लिट. ही पदवी आणि डिलीट यांतलं अंतर जपावं, नाहीतर विद्यापीठाने एखाद्या थोर माणसाला सन्मानाने डिलीट केल्याची बातमी छापून येते.

संगणकाने हे क्रियापद घरोघर नेलं, पण जुनी सवय तशीच ठेवली. १९६३ मध्ये ठरलेल्या आस्की या संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला सात खुणांचा एक क्रमांक दिला होता. त्या काळात मजकूर कागदी पट्टीवर छिद्रं पाडून साठवत. एकदा पाडलेलं छिद्र बुजवता येत नाही, मग चुकलेलं अक्षर पुसायचं कसं? पट्टी मागे घ्यायची आणि त्याच जागी सातही छिद्रं पाडायची. कुठल्याही अक्षरात आणखी छिद्रं पाडून सातांपर्यंत जाता येतं. वाचणाऱ्या यंत्राला सात छिद्रं दिसली की ते ती जागा सोडून पुढे जाई. सातही खुणा भरलेला हा संकेत म्हणजे १२७, आणि त्याचं नाव डिलीट. नको असलेलं अक्षर घालवायचं तर त्यात भर घालायची, असा हा उलटा न्याय.

फाइल डिलीट होते तीही अशीच. डिस्क म्हणजे जाडजूड ग्रंथ समजा आणि तिच्या सुरुवातीला अनुक्रमणिका. जुन्या डॉस संगणकात फाइल डिलीट केली की यंत्र अनुक्रमणिकेत जाऊन त्या फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बदलून 'ई५' असा संकेत लिहायचं आणि तिची पानं मोकळी आहेत असं नोंदवायचं. मजकुराच्या पानांना हातही लागत नसे. पहिलं अक्षर परत बसवता आलं तर फाइलही परत आणता येते, हे ओळखून पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये तसा प्रोग्राम बाजारात आणला आणि त्यावर नाव कमावलं. नंतर विंडोज ९५ ने रीसायकल बिन दिला, म्हणजे डिलीट करण्याच्या आधीचा ओटा. आजच्या नव्या ड्राइव्हमध्ये मोकळी पानं यंत्र स्वतःहून लवकर साफ करतं, त्यामुळे परत मिळण्याची खात्री कमी झाली आहे. पण तत्त्व तेच. डिलीट म्हणजे 'ही जागा आता दुसऱ्याला द्यायला हरकत नाही' एवढाच निरोप. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मगच पहिलं खरं जातं.

आणि कधी कधी तेव्हाही जात नाही. दहाव्या शतकात कुणीतरी आर्किमिडीजचे ग्रंथ चर्मपत्रावर उतरवले. तेराव्या शतकात एका धर्मगुरूला प्रार्थनेच्या पुस्तकासाठी चर्मपत्र हवं होतं. त्याने ती शाई खरवडली, पानं आडवी फिरवली आणि वर प्रार्थना लिहिल्या. १९०६ मध्ये हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाला त्या ओळींखाली आर्किमिडीज दिसला. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते पुस्तक वीस लाख डॉलरला गेलं, आणि पुढे बाल्टिमोरच्या संग्रहालयाच्या पुढाकाराने निरनिराळ्या प्रकाशांत टिपलेल्या छायाचित्रांनी आणि क्ष-किरणांनी खालची अक्षरं वाचली गेली. शाईतलं लोखंड चर्मपत्रात उरलं होतं. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी डिलीट केलेली फाइल ती.

डिलीट जाणूनबुजून, अदबीने कसं करावं याचा धडा मात्र पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ मध्ये संपादनाची धुरा घेतली आणि १९६६ मध्ये काम पूर्ण झालं. १,२५९ हस्तलिखितं पडताळून पाहिली. ज्याला जुना आधार नाही तो भाग संहितेतून बाहेर काढला. व्यासांनी सांगावं आणि गणपतीने लिहावं ही घराघरांत ठाऊक असलेली कथा मूळ संहितेत राहिली नाही. वस्त्रहरणाच्या वेळचा द्रौपदीचा कृष्णाचा धावाही वर राहिला नाही. पण या पंडितांनी यातली एक ओळही टाकून दिली नाही. लहान भाग तारांकित करून तळटीपेत छापले, मोठे परिशिष्टात. उद्या कुणाला वाटलं की संपादकांचं चुकलं, तर त्याला ती ओळ शोधायला रद्दी चाळावी लागत नाही. छापखान्यातला 'स्टेट' इथे शेकडो पानांना लागू झाला.

आपल्या मतदार यादीतही ही रीत आहे. नाव वगळण्यासाठी नमुना ७ भरतात. सुधारित यादीत वगळलेल्या मतदाराच्या चौकटीवर 'डिलीटेड' असा शिक्का आडवा दिसतो, खालचं नाव वाचता येतं. मतदान केंद्रात बोटाला लागते ती शाई मात्र डेलेरेचं उलटं टोक. तिला इंग्रजीत 'इन्डेलिबल' म्हणतात, म्हणजे डिलीट न होणारी. १९६२ च्या निवडणुकीपासून ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवरच्या मिठाशी मिसळतं आणि उजेडात काळं पडतं. साबण, लिंबू, रॉकेल, काही चालत नाही. ती जाते एकाच वाटेने: नख वाढतं, कातडी झडते आणि खालून नवी येते.

पुसायचं म्हणजे नेमकं कुठून, हे कोडं कायद्यालाही पडलं. १३ मे २०१४ रोजी युरोपच्या न्यायालयाने एका स्पॅनिश नागरिकाच्या बाजूने निकाल दिला. त्याच्या जुन्या थकबाकीच्या वसुलीची जाहिरात एका वर्तमानपत्राच्या जुन्या पानात होती आणि गूगलवर नाव टाकलं की तीच समोर यायची. न्यायालयाने गूगलला तो दुवा शोधातून काढायला लावला. वर्तमानपत्राचं पान तसंच राहिलं. अनुक्रमणिकेतून नाव गेलं, ग्रंथ शाबूत. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे.

मावशीला मी हे सगळं सांगितलं नाही, तिला वेळ नव्हता. एवढंच सांगितलं, की डिलीट हे क्रियापद ऐकलं की लगेच विचारायचं: कुठून आणि कुणासाठी? तिच्या फोनवरून गेलेला मेसेज अडतीस फोनांत राहतो. सगळ्यांसाठी डिलीट केला तरी 'इथला मेसेज डिलीट केला' ही पाटी मागे उरते, आणि ती वाचून जाऊबाई काय तर्क करतील ते मूळ मेसेजपेक्षा वाईट असू शकतं.

तुम्हालाही एक विनंती. जुना फोन दुकानात द्याल तेव्हा नुसते फोटो डिलीट करून देऊ नका. आधी तुमची खाती त्यातून काढा, मग सेटिंगमध्ये जाऊन फोन पूर्ण रीसेट करा. आजचे बहुतेक फोन माहिती कुलुपात ठेवतात आणि रीसेट करताना त्या कुलपाची किल्ली मोडतात. माहितीचे तुकडे आत राहिले तरी ते वाचता येत नाहीत. त्याआधी हवे ते फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, कारण त्यानंतर 'स्टेट' लिहायला समास उरत नाही.